शाळेत दोरीवरच्या उड्या सुरू करायच्यात? मुंबईतल्या शाळांसाठी पायरी-पायरीने

दोऱ्या आणल्या, मुलांच्या हातात दिल्या, झालं काम. बाहेरून बघणाऱ्याला रोप स्किपिंगचा उपक्रम एवढाच वाटतो. म्हणूनच जूनमध्ये गाजावाजा करून सुरू झालेला हा उपक्रम बऱ्याच शाळांत गणपतीच्या सुट्टीनंतर गायब होतो आणि दोऱ्या पीटीच्या कपाटात एकमेकींत अडकून पडतात. उडी मारायला शिकवणं हा यातला सोपा भाग. घाम निघतो तो जागा, तास, परवानग्या, पालक आणि (हसू नका) शाळेच्या व्हॅनची वेळ जुळवताना.

मी मुंबईतल्या एका अनुदानित मराठी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. यंदा पहिल्यांदाच हे हाती घेणाऱ्या पीटी शिक्षकांसाठी, आणि आपणहून शाळेकडे जाऊ पाहणाऱ्या पालकांसाठी व प्रशिक्षकांसाठी हे लिहितेय. क्रम पाळा. दोऱ्यांची खरेदी पाचव्या क्रमांकावर आहे, ती उचलून पहिल्या क्रमांकावर नेऊ नका.

१. कोणासाठी करताय ते ठरवा

दहा-बारा चपळ मुलं निवडून स्पर्धेचा संघ बांधणं हे एक काम. अख्ख्या इयत्तेला दोरीवर उड्या मारता येणं हे दुसरं. दोन्ही चांगलीच आहेत, पण पहिल्या वर्षी दोन्ही एकदम झेपत नाहीत. माझं मत विचाराल तर आधी दुसरं. निवडक मुलांचा संघ ती मुलं दहावीला गेली की संपतो. इयत्ताच्या इयत्ता उड्या मारायला लागली की संघ त्यातून आपोआप वर येतो.

सुरुवात पाचवीपासून करा. आपल्याकडच्या पुष्कळ माध्यमिक शाळा पाचवीपासून सुरू होतात, मुलं नवी असतात, लाजत नाहीत, बोर्डाच्या परीक्षेचं सावट नसतं आणि १४ वर्षांखालील गटात खेळायला हातात काही वर्षं उरतात. आठवीच्या मुलग्यांपासून सुरुवात केलीत तर पहिले पंधरा दिवस ‘हा मुलींचा खेळ आहे’ हे ऐकण्यातच जातील. तरीही त्यांना घ्यायचंच असेल तर शाळेच्या कबड्डी संघाला सरावाआधी दोरी द्या. कबड्डीवाले मारतात म्हटल्यावर बाकीचे गप्प बसतात.

२. मुख्याध्यापकांकडे एकच कागद घेऊन जा

वीस पानी प्रस्ताव कोणी वाचत नाही. एका पानावर पाच गोष्टी लिहा: कोणती इयत्ता, कुठली जागा, आठवड्यातले कोणते तास, खर्च किती आणि तो कुठून, जबाबदार शिक्षक कोण. ‘पडलं-झडलं तर काय’ आणि ‘अभ्यास बुडेल का’ हे दोन प्रश्न येणारच. त्यांची उत्तरं त्याच कागदावर तयार ठेवा.

आधार म्हणून एक-दोन गोष्टी सांगता येतात. ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडं बळकट करणारे व्यायाम करावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोरीवरच्या उड्या या दोन्हींत बसतात. चीनमध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या राष्ट्रीय तंदुरुस्ती चाचणीत एका मिनिटाच्या उड्यांचा समावेश आहे.

पदकांचं आमिष मात्र दाखवू नका. रोप स्किपिंग ऑलिम्पिकमध्ये नाही, हे पालकांनाही सरळ सांगून टाका.

३. जागा

मैदान नाही म्हणून रडण्यात अर्थ नाही. एका मुलाला हात पसरून दोरी फिरवायला साधारण तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद जागा लागते. साठ मुलांना एवढी जागा मुंबईतल्या फारच थोड्या शाळांत मिळेल. म्हणून वर्गाचे तीन गट करा: एक उड्या मारतो, दुसरा मोजतो, तिसरा दोरीशिवाय पावलांचा सराव करतो. वीस मुलांची जागा साठांना पुरते आणि मोजणारा गट बसल्याबसल्या बरंच शिकतो.

खालची जमीन मात्र नीट बघा. सगळ्यात उत्तम म्हणजे हॉलमधला जुना लाकडी रंगमंच. तो पायाखाली किंचित दबतो, पोटऱ्या आणि नडग्या वाचतात. त्यावर एका वेळी पाच-सहा मुलं मावतात, संघाच्या सरावाला तेवढं पुरतं. त्याखालोखाल मातीचं टणक मैदान. सिमेंटचा कोबा आणि शहाबादी फरशी चालतात, पण बूट हवेतच आणि सलग उड्यांची वेळ कमी. पेव्हर ब्लॉक शक्यतो टाळा. फटीत दोरी अडकते आणि वरखाली झालेल्या ब्लॉकवर घोटा मुरगळतो. पावसाळ्यात ओल्या फरशीवर एकही उडी नको, मग तास वाया गेला तरी चालेल.

गच्ची वापरायची असेल तर कठड्याची उंची बघा, मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या आणि खालच्या मजल्यावर त्या वेळी कोणता वर्ग आहे ते आधी विचारा. वीस मुलं एकदम उडत असताना खाली गणिताचा तास घेणाऱ्या बाई तुमच्या कायमच्या विरोधक होतात.

हॉल असेल तर शिपाईमामांकडे बुकिंगची वही असते, ती दर महिन्याला पाहा. शाळांचे हॉल लग्नांना, शिबिरांना, मतदानाला जातात. डिसेंबरात तर स्नेहसंमेलनाच्या तालमींपुढे कोणाचं काही चालत नाही.

४. वेळ : इथेच बहुतेक उपक्रम मरतात

‘शाळा सुटल्यावर घेऊ’ हे सगळ्यांना सुचतं आणि मुंबईत तेच चालत नाही. व्हॅनवाले काका पाच मिनिटांपलीकडे थांबत नाहीत, कारण त्यांना पुढच्या शाळेची मुलं उचलायची असतात. नववी-दहावीची मुलं थेट क्लासला पळतात. आणि दोन अधिवेशनांच्या शाळेत सकाळची मुलं सुटायच्या आत दुपारची मुलं फाटकाशी उभी असतात. सुटल्यानंतरच्या बॅचला उरतात ती फक्त शाळेच्या आसपास चालत जाणारी मुलं. तुमचा उपक्रम अख्ख्या इयत्तेसाठी असेल तर तो तिथेच फसला.

तेव्हा वेळ शाळेच्या वेळेतच शोधा. पीटीच्या तासाची पहिली पंधरा मिनिटं कायमची दोरीला द्या. वेळापत्रक करणाऱ्या शिक्षकांशी मे महिन्यातच बोला. जूनमध्ये वेळापत्रक भिंतीवर लागलं की ते दगडावरची रेघ. संघाचा सराव शाळा भरण्याआधी अर्धा तास ठेवता येतो, कारण व्हॅन लवकर आणणं काकांना उशिरा नेण्यापेक्षा परवडतं. पण या सरावाला येणारी मुलं काही खाऊन आलीत का, ते रोज विचारा. रिकाम्या पोटी उड्या मारून चक्कर येणारं एखादं मूल दर वर्गात निघतं. पोषण आहारानंतरचा तासही नको, निदान तासभर जाऊ द्या.

वर्षाचा आराखडा परीक्षांभोवती बांधा. जून-जुलैमध्ये पाया, ऑगस्टपासून मोजणी, पहिल्या सत्राच्या परीक्षेआधी आंतरवर्गीय स्पर्धा, दिवाळीनंतर नवी कौशल्यं. शालेय क्रीडा स्पर्धा याच पहिल्या सत्रात येतात, त्यामुळे संघ असेल तर त्याचं गणित वेगळं मांडावं लागतं.

५. दोऱ्या

सुती किंवा काथ्याची दोरी नको. ती हलकी पडते, ओली झाली की जड होते आणि हवेत तिचा गोल टिकत नाही. तीन प्रकार कामाचे आहेत. साधी पीव्हीसीची दोरी: टिकाऊ, स्वस्त, वर्गासाठी हीच घ्या. मण्यांची दोरी: वजनामुळे तिचा घेर सुंदर राहतो आणि जमिनीवर टकटक आवाज येतो, त्यामुळे ताल न सापडणाऱ्या मुलांना ती फार उपयोगी. कोब्यावर मणी फुटतात, म्हणून चार-पाचच ठेवा. तिसरी तारेची स्पीड दोरी. ती संघातल्या मुलांनाच द्यावी. नवशिक्याच्या पोटरीवर तिचा फटका बसला की ते मूल पुन्हा येत नाही.

खरेदीला धोबीतलावच्या खेळसाहित्याच्या दुकानांत जा आणि घाऊक भाव विचारा. बिल शाळेच्या नावाने, जीएसटीसह घ्या. शाळेत आल्यावर साहित्याच्या नोंदवहीत चढवा. हे राहिलं तर वर्षअखेरीच्या तपासणीत तुमचाच जीव टांगणीला.

आता लांबी. दोरीच्या मध्यावर मुलाचा एक पाय ठेवा आणि दोन्ही मुठी सरळ वर ओढा. मुठींची टोकं काखेपर्यंत आली की नवशिक्यासाठी ती दोरी बरोबर. वेग वाढला की हळूहळू छातीपर्यंत आखूड करायची. बहुतेक पीव्हीसी दोऱ्यांच्या मुठीचं टोपण निघतं. आत गाठ असते, ती सरकवून दोरी लहान करता येते. उरलेलं टोक लगेच कापू नका, मुलं दिवाळीपर्यंत उंच होतात. लांबीनुसार चार गट करा आणि मुठींवर इलेक्ट्रिशियनची रंगीत टेप गुंडाळा: लाल, पिवळी, निळी, हिरवी. प्रत्येक मुलाला आपला रंग पाठ असतो, मग तासाला मापं घेण्यात वेळ जात नाही. नव्या दोऱ्यांना पाकिटातले वळसे पडलेले असतात. उन्हात दहा-पंधरा मिनिटं पसरून ठेवा आणि दोघांनी दोन टोकं धरून ताणा, सरळ होतात. ठेवताना घडी घालून कोंबू नका. भिंतीवर खिळ्यांची ओळ मारा आणि रंगानुसार टांगा.

याशिवाय दोन लांब दोऱ्या घ्या, साधारण चार-पाच मीटरच्या. त्यांचं काम पुढे येईल.

६. कागदपत्रं आणि माणसं

सुरू करण्यापूर्वी फाइलमध्ये एवढं असू द्या:

– मुख्याध्यापकांची लेखी मंजुरी
– पालकांचं संमतीपत्र. त्यात दमा, हृदयाचा त्रास, फिट येणं, अलीकडची शस्त्रक्रिया याबद्दल स्पष्ट प्रश्न हवेत. ‘मूल निरोगी आहे’ एवढीच ओळ ठेवलीत तर सगळे डोळे मिटून सही करतात.
– फोटो आणि व्हिडिओसाठी वेगळी संमती
– हजेरीची वही
– प्रथमोपचार पेटी आणि जवळच्या दवाखान्याचा नंबर

बाहेरचा प्रशिक्षक आणणार असाल तर त्याचं ओळखपत्र, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि पोलीस पडताळणी घ्या आणि किती महिन्यांसाठी, कोणत्या मानधनावर येणार हे पत्रात लिहून घ्या. सरावाच्या वेळी शाळेतलं कोणीतरी हजर असलंच पाहिजे, आणि मुली असतील तर शिक्षिका. मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असलेल्या सखी सावित्री समितीला उपक्रमाची माहिती आधीच द्या. पालकांनी व्हॉट्सअॅपवर विचारलं की उत्तर तयार असतं.

मुलींच्या कपड्यांचा विचार कोणी करत नाही आणि मुली त्याबद्दल बोलत नाहीत, त्या नुसत्या भिंतीला टेकून उभ्या राहतात. पिनोफ्रॉक किंवा स्कर्टच्या दिवशी उड्यांचा तास ठेवूच नका. पीटीचा गणवेश ज्या दिवशी असतो त्याच दिवशी ठेवा. ओढणी काढून किंवा कमरेला घट्ट बांधून, वेण्या वर बांधून. पाळीच्या दिवसांत उडी मारायची की नाही हे त्या मुलीने ठरवायचं. कारण न विचारता ‘आज मोजणीत बस’ म्हणायची सवय ठेवा, मुलांनाही आणि मुलींनाही.

७. पहिले सहा आठवडे

पहिल्या आठवड्यात दोरी नाही. चवड्यांवर, गुडघे किंचित सैल ठेवून छोट्या उड्या: जमिनीपासून दोन बोटं, बस्स. मुलं कुरकुरतात, ऐकू नका.

दुसऱ्या आठवड्यात दोन्ही मुठी एकाच हातात धरून दोरी बाजूला फिरवायची आणि ती जमिनीला लागेल त्या क्षणी उडी. हात आणि पाय इथे एकमेकांना ओळखायला लागतात.

तिसऱ्या आठवड्यात खरी दोरी. न जमणाऱ्या मुलाकडे नीट बघा. तो दोरी डोक्यावर असतानाच उडतो, दोरी पायाशी येईतो खाली उतरलेला असतो. त्याला सांगा: दोरी पुढे आण, बुटाच्या टोकापाशी जमिनीवर टेकू दे, थांब, आता ओलांड. असं दहा वेळा. मग हे मधलं थांबणं थोडं थोडं कमी करत न्यायचं. दुसरी चूक हातांची. दमलं की मुलं हात बाजूला पसरतात, तेवढी दोरी आखूड होते आणि पायात येते. कोपरं बरगड्यांपाशी, फिरवायचं ते मनगटाने. मुलाच्या काखेत एकेक रुमाल धरायला लावा. रुमाल पडला की त्याला स्वतःलाच कळतं, तुम्हाला ओरडावं लागत नाही.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात सलगता. २० सेकंद उड्या, ४० सेकंद विश्रांती, अशा सहा फेऱ्या, एक दिवसाआड. सहाव्या आठवड्यात धावतं पाऊल, म्हणजे एकदा उजवा पाय, एकदा डावा. वेगाच्या प्रकारांचा पाया हाच. हातांची फुली आणि एका उडीत दोरी दोनदा फिरवणं हे दिवाळीनंतर.

नडगी दुखते अशी तक्रार आली की ‘सवय होईल’ म्हणू नका. त्या मुलाला चार-पाच दिवस मोजणीला बसवा, बूट तपासा, जमीन तपासा. दुखणं उरलं तर डॉक्टर.

८. मोजायला शिकवा

३० सेकंदांच्या वेगाच्या प्रकारात स्पर्धेत फक्त उजवा पाय मोजतात. म्हणजे ६० मोजले तर प्रत्यक्षात पावलं १२० पडलेली असतात. नव्या पालकांना हे माहीत नसतं, आणि घरच्या आकड्याशी शाळेचा आकडा जुळत नाही म्हणून ते भांडायला येतात. पहिल्याच सभेत समजावून सांगा.

मोजणीसाठी महागडं यंत्र लागत नाही. देवळाबाहेर नामजपासाठी बोटात घालायचे छोटे डिजिटल काउंटर मिळतात, ते झकास चालतात. एका मुलामागे दोन मोजणारे ठेवा आणि सरासरी घ्या. दोघांत मोठा फरक आला तर पुन्हा फेरी. दर पंधरवड्याला एकदाच मोजा आणि आकडे वर्गाच्या तक्त्यावर लावा, पण नुसता आकडा लावू नका. मागच्या वेळेपेक्षा किती वाढ झाली तेही लिहा. आठवरून एकोणीसवर गेलेलं मूल त्या तक्त्यावर सगळ्यात वर दिसलं पाहिजे.

९. शाळेत वारं कसं पसरवायचं

आता त्या लांब दोऱ्या काढा. दोघांनी फिरवायची आणि अख्ख्या वर्गाने एकामागून एक आत शिरून, एक उडी मारून, बाहेर पडून इंग्रजी आठच्या आकड्यात पुन्हा रांगेत यायचं. जपानी शाळांत हा प्रकार वर्गावर्गांत खेळतात. तीन मिनिटांत वर्गाच्या मिळून किती उड्या झाल्या एवढंच मोजायचं. इथे एकट्या हुशार मुलाचा उपयोग नाही. घाबरून थबकणाऱ्या मुलाच्या पाठीवर मागचा हलकेच हात ठेवून ‘आता!’ म्हणतो, तेव्हाच वर्गाचा आकडा वाढतो. आंतरवर्गीय स्पर्धा याच प्रकाराने सुरू करा, वैयक्तिक वेगाने नको.

प्रात्यक्षिकासाठी दोन दिवस पक्के धरा: २९ ऑगस्टचा राष्ट्रीय क्रीडा दिन आणि १५ जानेवारी, खाशाबा जाधवांची जयंती, जी महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरी होते. पाच मिनिटांपेक्षा मोठं प्रात्यक्षिक ठेवू नका. पालक-शिक्षक संघाच्या सभेत भाषण करण्याऐवजी चार दोऱ्या ठेवा आणि आयांना बोलवा. लहानपणी चाळीच्या अंगणात उड्या मारलेल्या बायका पदर खोचून पुढे येतात, आणि पुढच्या वर्षीच्या दोऱ्यांचे पैसे कोण देणार हा प्रश्न निम्मा तिथेच सुटतो.

रील काढायचा मोह होईल. ज्यांच्या पालकांची संमती आहे तीच मुलं, शाळेच्या अधिकृत खात्यावर, नावाशिवाय. शिक्षकांच्या खासगी खात्यावर मुलांचे व्हिडिओ नकोत.

१०. स्पर्धेत उतरताना

शासनाच्या शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात आणि जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय अशा चढत जातात. मुंबईत जिल्हे दोन आहेत. माहीम आणि शीवपर्यंतच्या शाळा मुंबई शहर जिल्ह्यात, त्यापुढच्या वांद्रे, कुर्ल्यापासून उपनगर. शहराचं जिल्हा क्रीडा कार्यालय धारावीच्या क्रीडा संकुलात आहे, उपनगराचं कांदिवली पूर्वेला आकुर्ली रोडवर. मूल कुठे राहतं याला महत्त्व नाही, शाळा कुठे आहे ते बघतात. त्या वर्षीचं परिपत्रक हातात घेऊन वाचा: खेळांची यादी, उपप्रकार, जन्मतारखेची मर्यादा आणि प्रवेशाची मुदत दर वर्षी त्यातच बघायची. गेल्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका.

लागणारे कागद: शाळेचा यूडायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक), बोनाफाईड, जन्मदाखला, आधार, जनरल रजिस्टरचा (शाळेच्या प्रवेश नोंदवहीचा) उतारा, फोटो, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचा प्रवेशअर्ज. सगळ्यात मोठा घोळ नावांचा. रजिस्टरमध्ये वडिलांचं नाव ‘दत्तात्रय’, आधारवर ‘दत्ता’. हे जुलैमध्येच जुळवून बघा. आधार दुरुस्तीला वेळ लागतो आणि स्पर्धेच्या टेबलावर कोणी ऐकून घेत नाही. ऑनलाइन नोंदणी शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

आणखी एक सापळा. ‘राष्ट्रीय स्पर्धा, थेट प्रवेश, प्रमाणपत्राची हमी’ असे मेसेज पालकांच्या गटांवर फिरतात. प्रवेश फी, प्रवास, राहणं, ट्रॅकसूट असं सगळं मिळून मोठी रक्कम होते, आणि निवड चाचणी नावालाही नसते. छोट्या खेळांत एकाच वेळी दोन-तीन संघटना स्वतःला अधिकृत म्हणवतात. पैसे भरण्याआधी जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन विचारा की या प्रमाणपत्राला दहावी-बारावीत खेळाडूंना मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांसाठी मान्यता आहे का. फोनवरच्या ‘हो’वर विसंबू नका, नियमाचा कागद बघा. सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव शाळेनेच पाठवायचा असतो. बोर्डाच्या वर्गातल्या खेळाडूंची यादी आणि प्रमाणपत्रांच्या प्रती डिसेंबरात कार्यालयातल्या लिपिकांकडे द्या आणि पोच घ्या.

स्पर्धेच्या दिवशी प्रत्येक मुलाची स्वतःची दोरी, तिच्याच लांबीची एक जादा दोरी, टेपचा रोल, कात्री, टोपणांसह दोन-तीन सुट्या मुठी, मूळ कागदपत्रांची फाइल आणि केळी. हार्बर किंवा मध्य मार्गावरून येणाऱ्या मुलांना रविवारच्या मेगाब्लॉकचं वेळापत्रक आदल्या रात्री कळवा, आणि जमायची वेळ नोंदणी सुरू होण्याच्या तासभर आधीची सांगा.